उभ्या मोटारगाडीतील वीज व तिचा सुरक्षित वापर

उज्जयिनी हे भारतातील सात मोक्षपुऱ्यांपैकी एक होय. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरीस राजधानी नेली, तोपर्यंत हे शहर शिंदे घराण्याची राजधानी होते. त्यामुळे महाराष्ट्राचा या नगरीशी असलेला संबंध जुना आहे. आजही महाराष्ट्रातून असंख्य यात्रेकरू धुळे, सेंधवा व इंदूर या मार्गाने स्वतःच्या वा भाड्याच्या मोटारीने महाकालेश्वराच्या दर्शनास जातात. इंदूरकडून शहरात शिरताना नानाखेडा हा भाग लागतो. येथे बसस्थानक आहे आणि मंदिर येथून काही किलोमीटर अंतरावर आहे. गर्दीच्या दिवसांत गाडी दूर उभी करून पुढील वाट रिक्षाने किंवा पायी गाठावी लागते.

डिसेंबर २०२२ मध्ये महाकालेश्वर मंदिरात मोबाइल नेण्यास बंदी करण्यात आली. परिणामी अनेक यात्रेकरू आपले फोन गाडीतच ठेवू लागले. प्रवासात उतरलेला फोन दर्शन होईपर्यंत गाडीत भरून निघेल, असाही विचार त्यामागे असतो. हा विचार वरवर सोयीचा दिसला तरी तो कोठे बरोबर आणि कोठे धोक्याचा आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एक उदाहरण

समजा, नाशिकहून निघालेल्या एका कुटुंबाने वैशाखातील एका सकाळी नानाखेडा परिसरात उघड्या जागी गाडी उभी केली. चार फोन भरण्यास लावले. घरातील एका तरुणाने गाडीत बसून इन्व्हर्टरच्या साहाय्याने लॅपटॉपवर दोन तास काम केले. सोबत गाणीही चालू होती. दुपारी मंडळी परत आली, तेव्हा किल्ली फिरवताच नुसता ‘टक टक’ असा आवाज आला आणि गाडी सुरू झाली नाही. फोन तापून बंद पडले होते. असे का व्हावे?

बॅटरीचे मुख्य काम

मोटारीतील बॅटरी ही शिसे आणि विरल सल्फ्युरिक आम्ल यांची बनलेली असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली हा घट प्रथम तयार केला. १९१२ साली अमेरिकेत मोटारीला विजेवर चालणारा स्टार्टर बसविण्यात आला आणि हँडल मारण्याचे कष्ट व धोका दूर झाला. तेव्हापासून इंजिनाला पहिला झटका देणे हे बॅटरीचे मुख्य काम झाले. या वेळी काही क्षण शंभर ते दोनशे अँपिअर, कधी त्याहूनही अधिक, प्रवाह लागतो. एवढा प्रवाह एकदम देता यावा म्हणून बॅटरीतील पट्ट्या पातळ व संख्येने अधिक ठेवलेल्या असतात. अशी बॅटरी थोडी वीज एकदम देण्यास योग्य असते. तासन्‌तास हळूहळू वीज देत राहून रिकामी होणे तिला मानवत नाही.

इंजिन चालू असते तेव्हा अल्टरनेटर वीज निर्माण करतो आणि बॅटरी भरत राहतो. इंजिन बंद झाले की ही आवक थांबते. म्हणून धावत्या गाडीतील वीज ही मिळकत आहे, तर उभ्या गाडीतील वीज ही ठेव आहे. ठेवीतून खर्च करताना हिशेब ठेवावाच लागतो.

विजेचा हिशेब

लहान मोटारीत साधारणपणे १२ व्होल्ट व ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. याचा अर्थ, ती एक अँपिअर प्रवाह सुमारे पस्तीस तास देऊ शकते. परंतु गाडी खात्रीने सुरू व्हावी यासाठी निम्मी वीज शिल्लक राहिली पाहिजे. म्हणजे खर्चास उपलब्ध वीज फार तर सतरा अँपिअर-तास होय. बॅटरी तीन-चार वर्षांची जुनी असेल, तर हा आकडा पुष्कळच कमी होतो.

उपकरणावर लिहिलेल्या वॅटला १२ ने भागले की बॅटरीतून किती अँपिअर प्रवाह जाईल ते कळते. त्यास तासांनी गुणले की खर्च निघतो. पाच हजार मिली-अँपिअर-तासांचा मोबाइल पूर्ण भरण्यास, वाया जाणारी वीज धरून, सुमारे २ अँपिअर-तास लागतात. चार फोनांचे ८ झाले. साठ वॅटचा लॅपटॉप इन्व्हर्टरवर दोन तास चालविला तर सुमारे १२ अँपिअर-तास खर्च होतात, कारण बारा व्होल्टचे दोनशे तीस व्होल्ट करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. गाणी व पडदा यांस दीड अँपिअर धरल्यास तीन तासांत साडेचार झाले. एकूण खर्च साडेचोवीस अँपिअर-तास! पस्तीसच्या ठेवीतून एवढी रक्कम काढल्यावर इंजिनास झटका द्यायला वीज कोठून उरणार?

या हिशेबात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एक-दोन फोन भरल्याने चांगल्या बॅटरीचे काहीही बिघडत नाही. लॅपटॉप, थंड पेटी, पंखा अशी उपकरणे आणि चुकून चालू राहिलेले दिवे हेच बॅटरी उतरण्याचे खरे कारण असते. समोरचे दोन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे असतील, तर ते तीन तासांत सुमारे २८ अँपिअर-तास वीज खातात.

बॅटरी उतरलेल्या स्थितीत तशीच राहिल्यास पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून उतरलेली बॅटरी शक्य तितक्या लवकर भरून घ्यावी.

फ्यूज हा पहारेकरी

डॅशबोर्डवरील गोल सॉकेट मूळचे सिगारेट पेटविण्याच्या उपकरणासाठी होते. त्यास बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. बारास दहाने गुणले तर १२० वॅट येतात. एवढीच त्या सॉकेटची मर्यादा समजावी. पंधराशे वॅटची किटली लावू पाहिल्यास सव्वाशे अँपिअरहून अधिक प्रवाह लागेल. अशा वेळी फ्यूज जळतो, तो तारा वाचविण्यासाठी. त्याच्या जागी जाड तार गुंडाळणे किंवा मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसविणे म्हणजे पहारेकऱ्यास घालवून चोरास दार उघडून देणे होय. फ्यूज नसेल तर आतली तार तापते, तिचे वेष्टन वितळते आणि गाडीस आग लागू शकते.

इन्व्हर्टर थेट बॅटरीस जोडावयाचा झाल्यास धन अग्राजवळच योग्य फ्यूज असला पाहिजे व हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. इन्व्हर्टर आसनाखाली किंवा कपड्यांच्या गाठोड्यात ठेवू नये, त्यास हवा मिळाली पाहिजे. त्यातून निघणारी वीज घरातील विजेइतकीच झटका देणारी असते, याचा मुलांना विसर पडू देऊ नये.

उन्हाचा धोका

बॅटरी उतरली तर वेळ व पैसा जातो. उन्हामुळे मात्र याहून मोठी हानी होऊ शकते. बंद गाडीच्या काचांतून ऊन आत येते, पण उष्णतेस बाहेर जाण्यास वाट मिळत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेली मोजणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. बाहेर ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापमान असताना उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीतील हवा सरासरी सुमारे ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड सुमारे ६९ अंशांवर गेलेला आढळला. सावलीतील गाडीत हेच आकडे अनुक्रमे ३८ व ४८ होते. माळव्यातील मे महिन्यातही पारा चाळिशी ओलांडतो. २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे या काळात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात भरला होता आणि २०२८ चा सिंहस्थही उन्हाळ्यातच येत आहे.

मोबाइल व पॉवर बँक यांतील लिथियम-आयन घट साधारणतः ४५ अंशांपुढे भारित करू नयेत. भारण चालू असताना घट स्वतःही तापतो आणि त्यात उन्हाची भर पडते. चांगल्या फोनमध्ये अशा वेळी भारण आपोआप थांबविण्याची योजना असते. हलक्या प्रतीच्या वा फुगलेल्या पॉवर बँकेत तिचा भरवसा नसतो. घट एका मर्यादेपलीकडे तापल्यास आतील रासायनिक क्रिया आपणच आपली उष्णता वाढवीत जाते व पेट घेते. म्हणून उपकरणे विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी, फुगलेले उपकरण वापरू नये आणि बंद गाडीत कोणतेही उपकरण भारणास लावून निघून जाऊ नये.

फोनांची राखण करण्यासाठी लहान मुलास गाडीत बसवून ठेवण्याची चूक तर कदापि करू नये. मुलाचे शरीर प्रौढापेक्षा फार लवकर तापते. काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही आणि गाडीतील तापमानाची बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गेलेला माणूस दर्शनाच्या रांगेत किती वेळ अडकेल हे कोणी सांगावे?

इंजिन चालू ठेवण्याचा धोका

बॅटरी उतरू नये म्हणून काही जण उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवतात, काच लावून वातानुकूलन सुरू करतात व आत झोपी जातात. यात प्राणाशी गाठ आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो आणि शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसास ही लक्षणे जाणवतही नाहीत. धुराच्या नळीस भोक असेल, ती चिखलाने वा भिंतीने अडली असेल किंवा गाडी बंद पडवीत उभी असेल, तर धोका अनेक पटींनी वाढतो. अशी लक्षणे दिसताच इंजिन बंद करून माणसास मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गाडी सुरू न झाल्यास

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरुवात करताना दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच आहेत याची खात्री करावी. लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन अग्रास व नंतर चांगल्या बॅटरीच्या धन अग्रास जोडावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण अग्रास जोडून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये, हा या क्रमाचा हेतू आहे. या वेळी विडी-काडी जवळ नसावी. गाडी सुरू झाल्यावर ती लगेच बंद न करता काही काळ चालवावी, कारण जागेवर उभे राहून बॅटरी फार सावकाश भरते.

शाळा व शेत

हा विषय शाळेत प्रत्यक्ष दाखविता येतो. शिक्षकांनी मल्टिमीटरने काही तास विश्रांती मिळालेल्या बॅटरीचा दाब मोजून दाखवावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी आणि १२ च्या खाली गेल्यास जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असता हाच दाब सुमारे १३.८ ते १४.४ होतो. ठेव व मिळकत यांतील फरक विद्यार्थ्यांस आकड्यांतून दिसतो. वीज नसताना शेतावर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन भरणाऱ्या शेतकऱ्यासही हाच हिशेब उपयोगी पडेल. ट्रॅक्टरची बॅटरी मोठी असली तरी तिचे इंजिनही जड असते.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. फोन व पॉवर बँक गाडी धावत असताना भराव्यात. इंदूर ते उज्जैन हा सुमारे ५५ किलोमीटरचा प्रवासदेखील त्यासाठी पुष्कळ उपयोगी पडतो.
२. उभ्या गाडीत फोनखेरीज मोठे उपकरण चालवू नये व निम्म्याहून अधिक वीज काढू नये.
३. गाडी सोडताना सर्व जोडण्या काढाव्यात, दिवे पाहावेत व गाडी सावलीत उभी करावी.
४. फोन डॅशबोर्डवर ठेवू नये. मंदिराजवळील ठेव-व्यवस्थेत किंवा बाहेर थांबणाऱ्या सोबत्याजवळ तो द्यावा.
५. फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नये.
६. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये.
७. मुलास किंवा वृद्धास बंद गाडीत एकटे ठेवू नये.

उदाहरणातील कुटुंबाने वाटेतच फोन भरून घेतले असते, लॅपटॉप बंद ठेवला असता आणि गाडी झाडाखाली उभी केली असती, तर दुपारी किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले असते. त्यासाठी पैसा नव्हे, केवळ थोडा हिशेब आणि थोडी सावधगिरी लागली असती.