प्लेटलेट नऊ लाख

चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली उमर काढलेल्या माणसाचे तळपाय जळू लागले, की सारा दोष गमबुटांना जातो. माझे पाय रात्री लालबुंद व्हायचे, गार पाण्यात घातले की बरे वाटायचे. तुमसरला रक्त तपासलं, तर प्लेटलेट नऊ लाखांवर! असायला हव्यात दीड ते साडेचार लाख. घरचे मात्र खूश. दर पावसाळ्यात डेंग्यूत प्लेटलेट घसरल्याचंच ऐकलेलं. वाढलेला आकडा त्यांना वाईट कसा वाटावा?

एका रिपोर्टवर घाबरूही नये. बहुतेकदा कारण वेगळंच निघतं: जंतुसंसर्ग, जुनी सूज, लोहाची कमतरता. बायकांनी तर आधी लोह तपासावं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी करावी. माझं लोह ठीक होतं, आकडा मात्र उतरेना. मग नागपुरात जाक-टू जनुकाची तपासणी झाली, कमरेच्या हाडातून मज्जा काढली. निदान निघालं इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया. मज्जेतल्या पेशी बिघडून गरज नसताना प्लेटलेट बनवत सुटतात. यामागचा जाक-टू जनुकातला बिघाड २००५ साली उजेडात आला. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो सापडतो. तो सहसा आईवडिलांकडून आलेला नसतो, तेव्हा पोराबाळांची काळजी करत बसू नका.

खरी भीती रक्ताच्या गुठळीची. त्यातून लकवा, हार्ट अटॅक येऊ शकतो. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनने माझ्या पायांची आग थांबली. पण दुकानातून आपल्याच मनाने ती घेऊ नका. आकडा दहा लाखांपलीकडे गेला, की उलट रक्तस्रावही होऊ शकतो.

दुसरं औषध हायड्रॉक्सियुरिया. आमच्या भागात ही कॅप्सूल सिकलसेलच्या पोरांमुळे माहीत. "काकाजी, तुमाले बी सिकलसेल हाये का?" असं लोक विचारतात. नाही. औषध एकच, आजार दोन. या कॅप्सूलने पांढऱ्या पेशीही घटतात, म्हणून ठरल्या वेळी रक्त तपासायचं, ताप आला तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. मूल हवं असलेल्या जोडप्याने आधीच सांगायचं.

शेजारच्या पोराच्या कॅप्सूल संपल्या, तेव्हा त्याची आई माझ्याकडे मागायला आली. दिल्या नाहीत. त्याची मात्रा वजन पाहून ठरलेली, माझी प्लेटलेट पाहून. त्याचीच चिठ्ठी घेऊन तुमसरला गेलो.