जुन्या संगणकाचा फोटो टी-शर्टवर : भागाकाराचा एक पाठ



१९८१ साली ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रो हा संगणक आला. पुढे १९८४ च्या 'क्लास' प्रकल्पातून तो आपल्या देशातल्या काही शाळांतही पोचला. अशा जुन्या संगणकाचा फोटो टी-शर्टवर छापायचा असेल, तर मुलांना आधी विचारा : तो केवढा छापता येईल?

फोटो म्हणजे पिक्सेल नावाचे बारीक ठिपके. चांगल्या छपाईला एका इंचात साधारण ३०० पिक्सेल लागतात. फोटोची रुंदी २४०० पिक्सेल असेल तर २४०० ÷ ३०० = ८ इंच. टी-शर्टला पुरेसं झालं. रुंदी ६०० असेल तर फक्त २ इंच, म्हणजे बिल्ल्यापुरता. तोच ओढून ८ इंचांचा केला, तर इंचाला ७५ च पिक्सेल उरतात आणि कळांवरची अक्षरं फुटतात. ताणल्याने नवीन तपशील येत नाही!

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा :

१. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पिक्सेल कमी होतात.

२. मागचा भाग काढून पीएनजी फाईल करा. जेपीजीत पारदर्शक भाग राहत नाही. या संगणकाचा रंग फिकट आहे, म्हणून कापड गडद निवडा.

३. फोटो दुसऱ्याचा असेल तर आधी परवानगी घ्या.

चाळीस शर्ट छापून आल्यावर दुरुस्ती होत नाही, पालकांचे पैसे जातात. म्हणून आधी भागाकार, मग छपाई. मुलांकडून नक्की करून घ्या.