बाळाला गहू कधी द्यावा?

प्रश्न : माझ्या यजमानांना लहानपणापासून टाइप वन मधुमेह आहे. मुलगी साडेपाच महिन्यांची, अंगावर पिते. वर्षभर तिला गहू देऊ नकोस, असं नणंदबाई सांगतात. काय करू?

उत्तर : नणंदबाईंची धास्ती अगदीच हवेतली नाही, उपाय मात्र उलटा आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या जिल नॉरिस यांनी ‘डेझी’ अभ्यासात टाइप वन मधुमेहाची जोखीम असलेली मुलं जन्मापासून पाहिली. २००३ साली त्यांनी मांडलं, की चार महिन्यांआधी धान्य मिळालेल्या मुलांत स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिद्रव्यं जास्त सापडली. आणि सात महिन्यांनंतर सुरू केलेल्यांतही! आईचं दूध चालू असताना धान्य सुरू झालेल्यांत धोका कमी दिसला. अर्थात हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. आहार बदलून हा आजार टाळता येतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. गाईच्या दुधातली प्रथिनं आधीच फोडून बनवलेली पावडर २,१५९ बाळांच्या ‘ट्रिगर’ चाचणीत तपासली गेली; २०१८च्या निकालात तिचा काहीही फायदा आढळला नाही. महागडे डबे घेऊ नका.

सहा महिने पूर्ण झाले, की नाचणीचं सत्त्व, मऊ भात-वरण, गव्हाची पातळ खीर (साखर नको) थोडी थोडी सुरू करा. अंगावर पाजणं चालूच ठेवा. वरचं गाईचं दूध वर्षानंतर.

पुढे कधीही सतत तहान, वारंवार लघवी, वजन घटणं दिसलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.