गोधडीचे पहिले चौरस आणि त्यांची योजना

कोणतीही कला शिकू लागलेल्या मनुष्याच्या हातून प्रथम जी वस्तू निर्माण होते ती सदोष असते, हे सांगण्यास पंडिताची आवश्यकता नाही. गाणाऱ्याचा चुकलेला सूर वाऱ्यावर विरून जातो, लिहिणाऱ्याची बिघडलेली पाटी पुसता येते. परंतु शिवणकाम शिकणाऱ्याचा वाकडा तुकडा मागे उरतो. तो पेटीच्या तळाशी पडून राहतो आणि पेटी उघडावी तेव्हा डोळ्यांस खुपतो. अशा तुकड्यांचे पुढे काय करावे, या प्रश्नाचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु कितीतरी विद्यार्थिनी या तुकड्यांकडे पाहूनच सुई खाली ठेवतात व पुन्हा हाती घेत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळेल.

नवी मुंबई हे नगर वयाने तरुण आहे. सिडको ही संस्था १९७० साली स्थापन झाली आणि तिने ठाणे खाडीच्या पूर्वतीरावर हे नगर वसविले. येथे आगरी व कोळी बांधवांची गावे पूर्वीपासून होतीच. पुढे घाऊक बाजार मुंबईतून क्रमाक्रमाने तुर्भे व वाशीच्या परिसरात आले, तेव्हा सातारा, सांगली, कोल्हापूर या प्रांतांतील अनेक माथाडी कुटुंबे कोपरखैरणे, घणसोली इत्यादी ठिकाणी राहू लागली. त्यांच्या बोचक्यांतून घाटावरची वाकळही येथे आली. वाकळ म्हणा की गोधडी म्हणा, वस्तू एकच: जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरावी, वर धडक्या तुकड्यांचे जोडकाम घालावे आणि सर्व थर धावदोऱ्याने एकजीव करावे. आज बाजारात यंत्रावर केलेली मऊ पांघरुणे स्वस्त मिळतात. त्यामुळे आजीची विद्या नातीपर्यंत पोहोचेलच असा भरवसा राहिलेला नाही. म्हणून जी मुलगी ती शिकावयास बसली आहे, तिचा उत्साह पहिल्या चार चौरसांतच मावळू न देणे हे शिक्षकांचे कर्तव्य होय.

प्रथम दोष उत्पन्न कसा होतो ते पाहू. वर्गात आरंभास नऊ तुकड्यांचा चौरस शिकविण्याची पद्धत आहे. प्रत्येक लहान तुकडा साडेतीन इंचांचा कापावा व शिवणीसाठी पाव इंच माया धरावी. एका ओळीत तीन तुकडे, म्हणजे साडेदहा इंच कापड. दोन शिवणींत प्रत्येकी अर्धा इंच जातो, कारण माया दोन्ही तुकड्यांची खर्च होते. उरले साडेनऊ इंच. आता एखादीने पाव इंचाऐवजी एक अष्टमांश इंच अधिक माया घेतली, तर प्रत्येक शिवणीत पाऊण इंच जाईल व चौरस नऊ इंचांचाच भरेल. एका चौरसात अर्ध्या इंचाची तूट. असे सहा चौरस ओळीने जोडले म्हणजे तीन इंचांची. सुईची चूक केसाएवढी असते, परंतु बेरीज तिला मोठी करते. हे गणित एकदा फळ्यावर मांडून दाखविले म्हणजे आपला हातच वाईट आहे ही मुलीची समजूत दूर होते.

दोषांचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला, चौरस लहान किंवा मोठा होणे; त्याचे कारण वर आलेच. दुसरा, चौरस तिरपा होणे. येथे कंपासपेटीतील गुण्या कामास येतो. चारही बाजू सारख्या भरल्या तरी फसू नये. दोन्ही कर्ण मोजावे. कर्ण सारखे असतील तर चौरस खरा. नसतील तर तो भूमितीतील समभुज चौकोन आहे, चौरस नव्हे. कापड उभ्या-आडव्या धाग्यास धरून न कापता उरेब कापले म्हणजे ते ताणले जाते व हा दोष येतो. तिसरा प्रकार शिवणीचा: टाके लांब पडणे, शिवण उसवणे, मध्येच फट राहणे. पहिल्या दोन प्रकारांत कापड निर्दोष असते, केवळ माप चुकलेले असते. तिसऱ्यात आधी शिवण दृढ करावी लागते. म्हणून पेटीतील सर्व चौरस धुऊन, इस्त्री करून, मोजून त्यांचे तीन ढीग करावे. पुष्कळदा असे दिसते, की ज्यांस आपण टाकाऊ समजत होतो त्यांपैकी बहुतेक केवळ चुरगळलेले होते.

येथे कोणी विचारील, की सर्व उसवून पुन्हा का शिवू नये? नवे, घट्ट विणीचे कापड असेल तर अवश्य तसे करावे. परंतु गोधडीचे कापड बहुधा जुने असते. त्याचे धागे झिजलेले असतात, आणि उसविताना सुईच्या भोकांच्या रेषेवर ते विरते. आमच्या वर्गातील एका मुलीने आपल्या दिवंगत आजीच्या लुगड्याचा धड राहिलेला भाग कापून त्याचे पंधरा चौरस केले होते. हात बसण्यापूर्वीच तिने हे मोलाचे कापड कापले. चौरस साडेआठपासून साडेनऊ इंचांपर्यंत, प्रत्येक निराळ्या मापाचा. नवे कापड दुकानातून आणता येते. ते लुगडे पुन्हा कोठून आणावे? तिने एक चौरस उसवून पाहिला, तो हातातच फाटला. अशा वेळी तुकड्यांस टाकणेही अशक्य आणि उसविणेही अशक्य. तेव्हा तिसरा मार्ग शोधणे भाग पडते, आणि असे मार्ग एक नव्हे, अनेक आहेत.

पहिला मार्ग चौकटीचा. लहानमोठ्या चौरसांभोवती एकाच रंगाची पट्टी लावावी. पट्टी अडीच इंच रुंद कापली तर दोन्ही बाजू मिळून चौरस चार इंचांनी वाढतो; साडेआठाचा साडेबारा होतो, साडेनऊचा साडेतेरा. नंतर गुण्या व मोजपट्टी लावून सर्व बारा इंचांवर छाटावे. आतील फरक चौकटीत जिरतो व बाहेरची कड सर्वांची एक होते. तिरपा चौरसही येणेप्रमाणे सरळ करता येतो; तो आत किंचित कललेला दिसेल, पण जोडणीस अडथळा करणार नाही. त्या मुलीचे बारा चौरस असे चौकटीत बसले. तीनांच्या चार ओळी केल्यावर साडेचौतीस इंच रुंद व शेहेचाळीस इंच लांब असे दुपटे तयार झाले आणि ते तिच्या चुलतभावाच्या तान्ह्या बाळास मिळाले. ज्या आजीने पणतू पाहिला नाही, तिचे लुगडे पणत्वाच्या अंगावर आले.

चौकटीसाठी मांजरपाट चांगला. मात्र कोऱ्या मांजरपाटास खळ असते व तो पहिल्या धुण्यात आटतो. म्हणून कापण्यापूर्वी तो भिजवून, वाळवून घ्यावा. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले असता काय होते, याचा दाखला मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत आला आहे. त्याचा आध्यात्मिक अर्थ प्रवचनकार सांगतील. परंतु शिवणकाम करणाराने त्याचा व्यावहारिक अर्थही विसरू नये. नवे आटते, जुन्यास ओढते, आणि फाटते ते जुनेच.

दुसरा मार्ग पुन्हा कापण्याचा. चौरस नऊ इंचांचा किंवा त्याहून मोठा असेल तर तो उभा व आडवा मधोमध कापून चार भाग करावे. प्रत्येक भाग साडेचार इंचांवर छाटावा, व छाटणे ते बाहेरच्या कडेने, कारण मापाचा दोष बहुधा तेथेच साचलेला असतो. समोरासमोरचे दोन भाग फिरवून ठेवले म्हणजे लहानमोठ्या तुकड्यांची एक नवीनच नक्षी उत्पन्न होते, आणि पूर्वी जेथे कोपरे जुळत नव्हते ते स्थान ओळखूही येत नाही. जोडल्यावर साडेआठ इंचांचा खरा चौरस मिळतो. एक सावधगिरी मात्र हवी: हाताने घातलेला धावदोरा मध्ये कापला असता सुटू लागतो, म्हणून कापण्यापूर्वी सर्व शिवणींवर उलटी टीप घालून घ्यावी.

तिसरा मार्ग पोटात घालण्याचा. गोधडीस पोट असते, ही तिची मोठी सोय आहे. जे चौरस विरले आहेत, ज्यांचा रंग उतरला आहे, ते वरच्या थरास न लावता आतील थरांत सपाट पसरावे. तेथे त्यांचे रूप कोणी पाहत नाही, पण ऊब ते इतरांइतकीच देतात. वर सांगितलेल्या पंधरांपैकी दोन चौरस, त्यांत तो उसवताना फाटलेलाही, असेच आत गेले.

चौथा मार्ग एकेकट्या चौरसाचा. एक चौरस व त्यास जाड अस्तर, एवढ्यावर कितीतरी वस्तू होतात: जेवणाच्या वेळचे बस्कर, बाजाराच्या पिशवीचा खिसा, उशीच्या अभ्र्याचा मध्यभाग, लेखण्या ठेवावयाची थैली. दोन चौरसांमध्ये जुन्या सुती कापडाचे तीन-चार थर घालून शेगडीवरून भांडे उतरविण्याचे फडके उत्तम होते. त्यात कृत्रिम धाग्याचे कापड मात्र मुळीच असू नये. ते उष्णतेने वितळून हातास चिकटते. संशय असल्यास वडील माणसांच्या देखत एक धागा जाळून पाहावा. सुताची मऊ राख होते. कृत्रिम धागा आखडून त्याची कठीण गुठळी बनते.

आपल्या देशातील जुन्या कारागिरांनी हा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडविलेला आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ व यल्लापूर या भागांत सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' शिवतात. त्या चौरस आधी तयार करीतच नाहीत. एका कोपऱ्यापासून आरंभ करून, हाती येईल तो तुकडा कड दुमडून थरांवर ठेवीत व शिवीत, त्या कडेकडेने फिरत मध्यापर्यंत येतात. तुकडा मापात बसविण्याऐवजी तुकड्याजोगी जागा त्या निर्माण करितात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन येथील ललितकला संग्रहालयात व नंतर न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांची चित्रे तिकिटांवर छापली. त्यांच्या रेषा सरळ नाहीत, तरी जगाने त्यांचा गौरव केला.

परंतु या उदाहरणावरून कोणी विपरीत बोध घेऊ नये. त्या स्त्रियांची रेषा वाकली ती वर्षानुवर्षांच्या सरावाने, त्यांच्या इच्छेने वाकली. आमच्या विद्यार्थिनीची रेषा वाकते ती सरळ काढता येत नाही म्हणून. दोन्हींस एकच नाव देणे ही खुशामत होईल, आणि खुशामतीने हात सुधारत नाही. दोष तो दोषच म्हणावा. त्याचे माप घ्यावे, कारण शोधावे, व पुढचा चौरस बरोबर करावा. मात्र दोष शिवणीत आहे, कापडात नाही आणि शिवणारीतही नाही, हा विवेक सुटू देऊ नये. तो सुटला म्हणजे मुलगी तुकड्याबरोबर आपली आशाही टाकून देते.

यास्तव आमची एक सूचना आहे. आरंभीच्या चौरसांपैकी एक चौरस जसाच्या तसा ठेवावा. त्यास चौकट घालू नये की छाटू नये. मागील बाजूस दिनांक व शिवताना घेतलेली माया लिहून ठेवावी. त्या मुलीचा पंधरावा चौरस असाच तिच्या पेटीत आहे. वर्षअखेरीस शिवलेला चौरस त्याशेजारी ठेवला म्हणजे किती वाट चाललो याचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेहून स्पष्ट दिसतो. पुढे धाकटी बहीण सुई धरावयास बसली आणि तिचा पहिला चौरस वाकडा झाला, तर तिच्यापुढे ठेवावयासही तो उपयोगी पडेल.

विद्यार्थिनींनो, आणि शिवणकामास संकोचणाऱ्या विद्यार्थ्यांनो, येत्या सुटीत आपापल्या पेट्या उघडा. तुकडे धुवा, मोजा, त्यांचे ढीग करा. घरी गोधडी शिवणारी आजी, मावशी अथवा शेजारीण असेल तर तिच्याजवळ जाऊन बसा आणि वाकड्या तुकड्यांचे ती काय करीत असे ते विचारा. तिच्यापाशी आम्हांस ठाऊक नसलेला पाचवा मार्ग असण्याचा पुष्कळ संभव आहे. तो मिळाल्यास वर्गास अवश्य सांगावा.