पऱ्हाटी आणि बैल : वनस्पती व प्राणी यांच्या ऊतींतील भेद

एकाच प्रकारचे कार्य मिळून करणाऱ्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात. ही व्याख्या मुले सहज पाठ करतात. परंतु तिचा अर्थ मनात ठसण्यासाठी वऱ्हाडातील मुलांच्या नित्य परिचयाची पऱ्हाटी व बैल यांची तुलना करणे इष्ट होय.

पऱ्हाटीस एका जागी उभे राहून वारापाऊस सोसावयाचा असतो. म्हणून तिच्या पेशींभोवती सेल्युलोजची भक्कम भित्तिका असते. खोडातील जलवाहिन्यांच्या पेशी पक्व होताच मरतात व त्यांच्या पोकळ नळ्यांतून पाणी पानांपर्यंत चढते. मर रोगाची बुरशी याच नळ्या कोंडते. त्यामुळे जमिनीत ओल असूनही झाड सुकते. कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरील एकच लांबलेली पेशी असते. तिची लांबी सुमारे २ ते ३ सेंटिमीटर भरते. बोंड फुटते तेव्हा ती मेलेली असते. उरलेल्या भित्तिकेचेच वस्त्र विणले जाते.

बैलास चालावयाचे व ओढावयाचे असते. त्याच्या पेशींना भित्तिका नसते. स्नायूंच्या पेशी आकुंचन पावतात, चेतापेशी संदेश नेतात, आणि शरीरास आधार हाडे देतात. या ऊतींतील बहुतेक पेशी जिवंत असल्यामुळे त्यांस अन्न व प्राणवायू रक्तातून सतत पुरवावा लागतो.

वाढीतही भेद आहे. झाडाच्या शेंड्यांत व मुळांच्या टोकांत विभाजी ऊती जन्मभर नव्या पेशी निर्माण करते. शेंडा खुडला तरी बगलेतून फांद्या फुटतात. वरुड-मोर्शी भागात जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. सालीखालील विभाजी ऊती एकमेकींस जुळतात व कलम जगते. बैलाची वाढ मात्र ठराविक वयानंतर थांबते. कातडीची जखम भरते, मोडलेले हाड सांधते, पण तुटलेला पाय पुन्हा फुटत नाही. म्हणूनच जुवाखाली सोललेल्या खांद्याची वेळीच निगा राखणे अगत्याचे आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकण्याच्या प्रथेतही हीच काळजी दिसते.

प्रयोग : तेरड्याची कोवळी डहाळी लाल शाईच्या पाण्यात काही तास ठेवावी. नंतर तिचा आडवा छेद घेऊन लाल झालेला भाग मुलांकडून शोधवून घ्यावा आणि पाणी कोणत्या ऊतीतून चढले, हे त्यांनाच सांगू द्यावे.