लष्करी अळी : नाव एक, किडी दोन

येवला तालुक्यात खरीप हंगामात मक्याचा पेरा मोठा असतो. मक्याचे पान कुरतडलेले दिसताच "लष्करी अळी आली" असे म्हणण्याचा परिपाठ आहे. परंतु या एका नावाखाली दोन निरनिराळ्या किडी मोडतात, व त्यांचा बंदोबस्त सर्वस्वी सारखा नाही.

नावांचा घोळ

आपल्याकडील जुन्या लष्करी अळीचे आजचे शास्त्रीय नाव माइथिम्ना सेपरॅटा हे होय. जुन्या पुस्तकांत तिला सिर्फिस युनिपंक्टा म्हटलेले आढळते. वस्तुतः युनिपंक्टा ही अमेरिकेत आढळणारी वेगळी जात आहे. दुसरी, म्हणजे अमेरिकन लष्करी अळी, भारतात प्रथम 2018 साली कर्नाटकातील शिवमोगा भागात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तिचे वर्णन जे. ई. स्मिथ यांनी 1797 साली केले होते. पुढे तिचे कुलनाम बदलत जाऊन आज ती स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा या नावाने ओळखली जाते.

या जातीचा दर्जाही पूर्णपणे निश्चित झालेला नाही. तिच्यात मका-वाण व भात-वाण असे दोन वाण आहेत. ते दिसण्यात सारखेच असून केवळ आनुवंशिक तपासणीने ओळखता येतात. ही एकच जात मानावी की दोन, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

शेतात ओळख

हा वाद मिटेपर्यंत शेतकऱ्याने थांबण्याचे कारण नाही. अमेरिकन अळीच्या डोक्यावर उलटा 'वाय' दिसतो व शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके असतात. ती पोंग्यात राहून आतील कोवळा भाग खाते. पोंग्यात भुशासारखी विष्ठा साचते. जुनी अळी बहुधा रात्री पाने कडेने खाते, दिवसा लपून राहते व झुंडीने एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते.

काय करावे

1. पीक लहान असल्यापासून पोंगे तपासावे. केसाळ आवरणाखालील अंडीपुंज वेचून नष्ट करावे.
2. टेहळणीसाठी एकरी 5 कामगंध सापळे लावावे. सापळ्यातील गंधगोळी त्या त्या जातीचीच असावी लागते. नाव चुकल्यास पतंग सापडत नाहीत व कीड नाही असा खोटा भरवसा वाटतो.
3. प्रारंभी 5 टक्के निंबोळी अर्क पोंग्यात पडेल असा फवारावा. केवळ पानांवरील फवारा पोंग्यातील अळीपर्यंत पोहोचत नाही.
4. शेजारची ज्वारी व ऊसही पाहावा.

कार्यकर्त्यांनी नोंदवहीत नुसते "लष्करी अळी" न लिहिता डोके व ठिपके यांच्या खुणा नोंदवाव्या. नाव उद्या बदलले तरी खुणांची नोंद उपयोगी पडेल.