बोरगावात कॅमेरेवाला बोलावताना

पोरी, कंपनीच्या सीएसआरचं काम आता तुझ्या हाती आलं आहे, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. मध्य प्रदेशातल्या आपल्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात कार्यक्रमांना तोटा नाही. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आणि पुढे आठवडाभर सुरक्षा सप्ताह, 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, मधूनमधून रक्तदान, नेत्रतपासणी, शाळांना साहित्यवाटप. कॅमेरेवाला बहुतेक नागपूरहून सावनेरमार्गे येतो, कधी छिंदवाड्याहून. त्याचा कॅमेरा चांगला असतो, हातही चांगला असतो. आपली माणसं कोण, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. ते त्याला सांगणं तुझं काम, आणि ते आदल्या दिवशी फोनवर उरकायचं नाही.

तारीख ठरली की त्याच दिवशी त्याला कळव. तुळशीच्या लग्नानंतर चांगली मुलं लग्नांत अडकतात, ती उन्हाळा संपेपर्यंत मोकळी होत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर काही ठेवूच नकोस. पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमारीची जत्रा असते, पोलीस आणि अधिकारी सगळे तिकडे.

निवड करताना लग्नाची हायलाइट पाहून भुलू नकोस. लग्नात हार पुन्हा घालायला सांगता येतो. सभेत माणूस एकदाच बोलतो, सत्कार एकदाच होतो. म्हणून त्याने केलेल्या एखाद्या सभेचं किंवा शिबिराचं सगळं काम माग, निवडक दहा फोटो नकोत. शेवटच्या रांगेतले चेहरे धड आले आहेत का, बोलणाऱ्याचा आवाज स्वच्छ आहे का, एवढंच बघ.

मांडवाकडे कोणी लक्ष देत नाही, आणि फोटो तिथेच बिघडतात. आपल्याकडे डेकोरेशनवाला लाल-पिवळं कापड ताणतो. दुपारच्या उन्हात तो रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो, अर्धं तोंड पिवळं, अर्धं लाल, आणि एडिटिंगमध्ये ते नीट निघत नाही. वरचं कापड पांढरंच हवं, हे डेकोरेशनवाल्याच्या ऑर्डरमध्ये लिही. मंचाच्या मागे उघडी बाजू ठेवू नकोस, पाहुणे काळे दिसतात. प्रोजेक्टरच्या झोतात वक्ता उभा राहणार नाही अशी पोडियमची जागा धर. मागे एलईडी स्क्रीन असेल तर व्हिडिओत पट्टे येतात. ती आदल्या संध्याकाळी लावून कॅमेरेवाल्याला तपासू दे. साऊंडवाल्याशी त्याची ओळख करून दे आणि मिक्सरमधून कॅमेऱ्याला सरळ वायर द्यायला सांग. नाहीतर भाषणापेक्षा जनरेटरचाच आवाज जास्त येतो.

भाषेचंही बघ. इथे बॅनर हिंदीत असतो, साहेब हिंदीत बोलतात, आणि कामगार उठून बोलला की मराठीत बोलतो. मराठी न कळणाऱ्या एडिटरने त्याचं वाक्य मध्येच कापलेलं मी पाहिलं आहे. एडिटर मराठी जाणणारा हवा, किंवा पहिली कापणी झाली की आपलं माणूस शेजारी बसव.

कोणाचे फोटो हवेत त्याची यादी कॅमेरेवाल्याला दे, पण त्यात ‘सर्व मान्यवर’ लिहू नकोस, त्यांचे फोटो कोणीही काढतो. पंचवीस वर्षं सेवा झालेला फिटर, कँटीनच्या बाया, गेटवरचा गार्ड, शिबिरासाठी गावोगाव फिरलेली आशा कार्यकर्ती, यांची नावं लिही. टाइम ऑफिसातला जुना माणूस दिवसभर कॅमेरेवाल्यासोबत दे. त्याला प्रत्येक चेहरा आणि आडनाव माहीत असतं, फोटोखालची नावंही त्याच्याकडूनच तपासून घे.

कारखान्याच्या आत सेफ्टी ऑफिसरशिवाय कॅमेरा जाऊ देऊ नकोस. कॅमेरेवाल्यालाही हेल्मेट आणि सेफ्टी शूज. ज्वलनशील पदार्थांजवळ फ्लॅश आणि बॅटऱ्या परवानगीशिवाय चालत नाहीत. भिंतीवरचे उत्पादनाचे आकडे, ग्राहकांची लेबलं, यंत्रांची सेटिंग चौकटीत येऊ नये. सुरक्षा सप्ताहाच्या फोटोत बिनहेल्मेटचा कामगार दिसला, तर तो फोटो कंपनीच्याच विरोधात बोलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाटपाच्या कार्यक्रमात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याची मान खाली, असे फोटो निघतात. ते काढूच देऊ नकोस. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यासमोर बॅनर धरून उभं राहायचं नाही. सॅनिटरी पॅड घेणाऱ्या मुलींची रांग टिपायची नाही. एखाद्या आजीचा फोटो काढण्याआधी तिला विचार, ती नको म्हणाली तर तिथेच थांब. शाळकरी मुलांसाठी शाळेमार्फत पालकांची लेखी संमती घे. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तिथे हात, वह्या, पाठमोऱ्या आकृती एवढंच घ्यायचं, आणि हे कॅमेरेवाल्याला गाडीतून उतरतानाच सांगायचं.

कागद नीट कर. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची आणि चित्रणाची पहिली मालकी काम सांगणाऱ्याची, उलट करार नसेल तर. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘हक्क स्टुडिओकडे’ असं असतं, तोच उलटा करार. सही करण्याआधी ती ओळ काढून घे. आपल्याला न विचारता कॅमेरेवाला फोटो इन्स्टाग्रामवर टाकणार नाही, हेही लिहून घे. मूळ फाइली किती दिवसांत मिळणार, आणि वर्तमानपत्रांसाठी त्याच संध्याकाळी किती फोटो, हे ठरव. फाइली आल्या की दोन डिस्कवर, दोन वेगळ्या जागी ठेव. नागपूरचा, म्हणजे दुसऱ्या राज्यातला, जीएसटी नोंदणीवाला असेल तर 18 टक्के आयजीएसटी लागेल. भाव करासकट की कराशिवाय, ते आधीच विचार.

ड्रोन हवाच असेल तर 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमवरच्या ड्रोनला नोंदणी लागते आणि धंद्यासाठी उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्र. दोन्ही कागद बघून मगच होकार दे. ‘साहेब, सगळीकडे उडवतो’ हा कागद नव्हे.

पैशाचं. थोडा भाग फाइली हातात येईपर्यंत राखून ठेव, पण त्या आल्या की अडवू नकोस. उद्यम नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यायला हवं, 2006 च्या एमएसएमई कायद्यानेच तसं सांगितलं आहे. कॅमेरेवाला मदतनिसाला त्याच रात्री रोख देतो, पेट्रोल घरचं घालतो. जेवणाच्या पंगतीत त्यालाही वेळेवर बसव. सकाळी सातला सावनेर सोडलेला माणूस दुपारी तीनपर्यंत उपाशी राहिला, तर समारोपाचे फोटो तसेच येतात.

आणि छापील प्रती. सत्कार झालेल्या प्रत्येक कामगाराला आणि शिबिरात राबलेल्या प्रत्येक बाईला स्वतःच्या फोटोची एक प्रिंट घरपोच द्यायची. त्याचा खर्च आत्ताच कोटेशनमध्ये धर, नंतर बजेट नाही म्हणून कोणी देत नाही.